वैशाखातला झिम्मा

"सकाळी डोहात पोहायचं, दुपारी करवंदं, आणि परवा भल्या पहाटं भुदरगडावर!" राजवीरनं सुट्टीचा बेत एका दमात सांगून टाकला.

"आणि झोपायचं कधी?" क्रांतीनं विचारलं.

ती आत्तीच्या घरी पुढच्या सोप्यात थंडगार फरशीवर आडवी पडली होती आणि तिथून हलायचा तिचा अजिबात विचार नव्हता. सातवीच्या वर्षानं तिचा पार पिट्टा पाडला होता. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास आणि रविवारी या दोन्ही क्लासांच्या परीक्षा. वडिलांनी कोल्हापूरच्या स्टँडवर गारगोटीच्या एसटीत बसवून दिलं तेव्हाच तिनं ठरवून टाकलं होतं. या सुट्टीत काही म्हणजे काही करायचं नाही. कुरणवाडीला जायचं, आत्तीच्या हातचं खायचं आणि म्हशीसारखं लोळायचं.

"झोपायला पावसाळा हाय की," राजवीर म्हणाला. तो शेजारचा. त्याच्या अंगात दमणं नावाची गोष्टच देवानं घातली नव्हती.

"किल्ल्यावरनं सूर्य मावळायच्या आत परत येणार काय?" दारात उभ्या असलेल्या अनेकांतनं विचारलं. अनेकांत म्हणजे गावातले दुकानदार दादासो यांचा मुलगा. जैनाचं घर, त्यामुळे अंधार पडायच्या आत जेवण उरकायचं, आणि कुठल्याही बेतात त्याचा पहिला प्रश्न हाच असायचा.

पण बेत पुढे सरकायच्या आतच धैर्यशीलकाका दारात येऊन उभे राहिले. काका गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. शाळेचं स्नेहसंमेलन असो की कुणाचं लग्न, माईक त्यांच्याच हातात.

"पोरांनू, उद्यापासनं दोन दिवस शाळेत डोळ्यांचं शिबिर हाय. कोल्हापूरची संस्था येतीया. तपासणी फुकट, मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशन फुकट, न्यायला बससुद्धा फुकट. म्हाताऱ्यांना हाताला धरून आणायला पोरं पायजेत. तुम्ही तिघं आलाच म्हणून समजा."

उत्तराची वाट न बघता काका पुढच्या दारात गेले. 'आलाच म्हणून समजा' म्हटलं की माणूस आला, असा त्यांचा हिशेब होता.

"झालं," क्रांती फरशीलाच म्हणाली. "गेली झोप."

तेवढ्यात आत्ती चहा घेऊन आली. तानाबाई हे तिचं नाव, पण क्रांतीच्या वडिलांची थोरली बहीण म्हणून ती आत्ती. नवरा कधीच वारलेला, लेक पुण्याला कामाला. घरात ती आणि गोठ्यात बिजली म्हैस, असा दोघींचा संसार. आत्तीचा डावा डोळा गेल्या वर्षी दुखून दुखून कायमचा गेला होता. 'एक हाय की अजून,' एवढंच ती त्यावर म्हणायची.

तिनं कपाच्या काठावर बोट टेकवलं, मग चहा ओतला. तरी निम्मा बशीत सांडला. "घे अनेकांत," म्हणून तिनं कप राजवीरच्या हातात दिला.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आत्ती, उद्या तुझाबी डोळा दाखवूया की," क्रांती उठून बसली.

"माझ्या डोळ्याला काय झालंय? मला सगळं दिसतंय."

ती हे म्हणत होती तेवढ्यात खालच्या आळीतल्या धोंडुबाईंच्या गोठ्याकडून टाळ्यांचा आवाज आला. ठेक्यात, एकीच्या हातावर दुसरीच्या हाताची टाळी. सोबत गाणं.

"झिम्मा?" राजवीरनं कान टवकारले. "आत्ता? वैशाखात?"

नवल वाटण्यासारखंच होतं. कुरणवाडीत झिम्मा सुरू होतो पंचमीला आणि गौरी गेल्या की संपतो. वैशाखाच्या उन्हात झिम्मा खेळायला कुणाचं डोकं फिरलंय?

"येते जरा," म्हणून आत्ती उठली आणि भिंतीला हात लावत लावत बाहेर पडली.

*

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानावर मांडव होता आणि मांडवात गर्दी. म्हाताऱ्यांना आणून बसवता बसवता क्रांतीचे पाय दुखायला लागले. पण तिच्याहूनही दमलेलं तिथं कुणी असेल तर ते डॉक्टर निशिगंधा. कोल्हापूरहून भल्या सकाळी निघालेल्या. आदल्या दिवशी दुसऱ्या गावात शिबिर, त्याच्या आदल्या दिवशी तिसऱ्या. त्या एकट्या आणि माणसं ही एवढी, म्हणून संस्थेनं एक सोय केली होती. व्हरांड्यात भिंतीवर तक्ता टांगायचा. तक्त्यावर तीन दात्यांच्या फणीसारखं एकच चिन्ह, कुठे दाते वर, कुठे खाली, कुठे उजवीकडे, कुठे डावीकडे. वरच्या ओळीत मोठं, खालच्या ओळींत बारीक बारीक होत गेलेलं. लांब खुर्चीवर बसायचं, एक डोळा झाकायचा आणि छडी टेकेल त्या चिन्हाचे दाते कुठल्या बाजूला ते हातानं दाखवायचं. लिहिता-वाचता येत नसलं तरी अडत नाही. जो चुकेल त्याला आत डॉक्टरांकडे पाठवायचं. ज्याला सगळं दिसतं त्यानं घरी जायचं.

छडी आदर्शदादाच्या हातात होती. तो संस्थेचा कार्यकर्ता. सकाळपासून तो त्याच तक्त्यावर, त्याच क्रमानं, डावीकडून उजवीकडे छडी सरकवत होता. दुपारपर्यंत तर तो तक्त्याकडे बघतही नव्हता. छडी आपोआप सरकत होती आणि तो जांभया देत होता.

पुरुष चुकत होते. एक चुकला, दुसरा चुकला, तिसऱ्यानं तर तक्ताच कुठाय म्हणून विचारलं. बायका मात्र येत होत्या, बसत होत्या आणि सगळं बरोबर सांगून पदर सावरत घरी जात होत्या.

"ऐका हो ऐका!" धैर्यशीलकाकांनी माईक घेतला. "आपल्या गावच्या बायकांची नजर म्हंजे घारीची नजर! गेल्या सालागत औंदाबी एकीलासुद्धा मोतीबिंदू न्हाय. दुधाचा गुण हाय हा, आपल्या संस्थेच्या दुधाचा!"

मांडवात टाळ्या पडल्या. काकांचा भलामोठा फोटो असलेला बॅनर तक्त्याला लागूनच लावला होता, तोही खूश दिसत होता.

धोंडुबाईंची पाळी आली. धोंडुबाई म्हणजे आत्तीची जिवाभावाची मैत्रीण. सकाळी क्रांती त्यांना आणायला गेली तेव्हा त्यांनी दारातल्या गाढवाला 'बस की रे बाळ' म्हटलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या, एक डोळा झाकला आणि हात हलवायला लागल्या. उजवीकडे, वर, डावीकडे, खाली. सगळं बरोबर.

"थांबा, थांबा," अनेकांत हळूच पुटपुटला. "तुम्ही बघितलं काय? आदर्शदादाची छडी तिसऱ्यावर होती. धोंडुबाईंनी चौथं सांगून टाकलं."

"मग?"

"मग काय? छडी यायच्या आधी त्यांना कसं कळालं कुठलं चिन्ह हाय ते?"

राजवीरनं डोकं खाजवलं. क्रांतीला मात्र आत्तीचा बशीत सांडलेला चहा आठवला. दुपारी डॉक्टर पाण्याची बाटली तोंडाला लावून पायरीवर टेकल्या तेव्हा ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मोतीबिंदूचं ऑपरेशन नाही केलं तर काय होतं?"

"सुरुवातीला धूसर दिसतं, बाळा. मग आणखी धूसर. तोवर ऑपरेशन केलं की सगळं परत दिसायला लागतं. पण फार पिकू दिला ना, तर तो आत सुजतो, डोळा दुखायला लागतो आणि मग गेलेली नजर परत येत नाही. कुणीच आणू शकत नाही."

"दुखून दुखून?"

"हो. का गं?"

"काही नाही," क्रांती म्हणाली. आमच्या आत्तीचा एक डोळा असाच गेला आणि आता दुसराही जाईल, हे सांगायला तिची जीभच उचलेना.

*

आज खालच्या आळीची तपासणी झाली, वरच्या आळीची उद्या होती. आत्तीचं घर वरच्या आळीत. म्हणजे काही करायचं तर आजच.

चार वाजता धोंडुबाईंच्या गोठ्यातून पुन्हा टाळ्यांचा आवाज यायला लागला आणि तिघं वैरणीच्या गंजीमागे जाऊन बसली. कडबा टोचत होता, घाम डोळ्यांत जात होता. क्रांतीला वाटलं, बाकीची पोरं सुट्टीत काय मजा करतात आणि आपण कडब्यात बसलोय.

गोठ्यात वरच्या आळीच्या बायका समोरासमोर उभ्या होत्या. मध्ये धोंडुबाई. आणि आत्तीही. टाळी वाजत होती आणि गाणं चाललं होतं:

*उजव्या हाती गं माहेर माझं*
*वरती बघता आभाळ साजं*
*डाव्या हाती गं सासर गाजतं*
*खाली बघता जोडवं वाजतं*

प्रत्येक ओळीला हात त्या त्या दिशेला जात होता.

"उजवी, वर, डावी, खाली," अनेकांतनं बोटांवर जुळवून बघितलं. त्याचे डोळे मोठे झाले. "ही तर तक्त्याची पहिली ओळ!"

"आणि हे बघ, दुसरं कडवं म्हंजे दुसरी ओळ," राजवीर कुजबुजला. "बायकांनी तक्त्याचं गाणं केलंय की रं! गेल्या साली पाठ केलं आणि औंदा तक्ता तोच, भिंतबी तीच."

त्याला हसू आवरेना. तो हसला, गंज हलली आणि वरची पेंडी धपकन त्याच्याच डोक्यावर पडली. गाणं थांबलं.

"कोण हाय तिकडं?" धोंडुबाई ओरडल्या.

क्रांती उभी राहिली. लपण्यात आता काही अर्थ नव्हता. "आत्ती, तू असं का करालाईस?" तिनं सरळ विचारलं.

आत्तीनं टाळीचे हात पदराला पुसले. मग खांबाला टेकून खाली बसली.

"ऑपरेशन झाल्यावर काय काय करायचं नसतं, ठावं हाय तुला? वाकायचं न्हाय. वजं उचलायचं न्हाय. चुलीच्या धुरात बसायचं न्हाय. महिनाभर. मग बिजलीची धार कोण काढंल? ती दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाय. परवाच्या साली ह्या धोंडूची जाऊ गेलती ऑपरेशनला. आली तवर म्हस आटलीती. घरात दुधाचा थेंब न्हाय, आणि घरची माणसं म्हणाली, तुझ्या डोळ्यांपायी झालं हे."

"पण मग तपासायला जायचंच कशाला?"

"न्हाय गेलं तर त्यो धैर्यशील घरात येऊन वडून न्हेतोय. एकदा का पास झालं की वरीसभर गप बसतोय."

बाकीच्या बायका मान हलवत होत्या. कुणाच्याच चेहऱ्यावर चोरी पकडल्याची लाज नव्हती. नुसता शीण होता. दिवसभर उन्हात काम करून आलेल्या, त्यातून वेळ काढून हा झिम्मा, आणि परत जाऊन धारा काढायच्या.

"आत्ती, डॉक्टर म्हणाल्या, उशीर झाला तर डोळा परत येत नाही. तुझा एकच राहिलाय."

"आणि बिजली आटली तर खाऊ काय?" आत्तीनं क्रांतीचा हात धरला. "ह्यातलं अक्षर तोंडातनं काढायचं न्हाय. डॉक्टरला न्हाय, धैर्यशीलला न्हाय, तुझ्या बापालाबी न्हाय. माझी शपथ हाय तुला."

क्रांतीला रडू यायला लागलं. तिनं मान हलवली.

*

"आता?" राजवीरनं विचारलं. तिघं हौदाच्या काठावर पाय सोडून बसली होती. ऊन उतरत होतं आणि अनेकांत सारखा पश्चिमेकडे बघत होता.

"आता काही नाही. शपथ घातलीय."

"आम्हाला कुठं घातलीया? मी जाऊन सांगतो."

"तू सांगितलंस काय आणि मी सांगितलं काय, आत्तीला एकच. परत माझ्याशी बोलणार नाही ती." क्रांतीनं गुडघ्यात डोकं घातलं. तिला खूप झोप येत होती आणि झोप लागणार नाही हेही माहीत होतं.

"शपथ कशाची घातलीया?" अनेकांत एकदम म्हणाला. दुकानदाराचा मुलगा तो, अटी नीट ऐकून घ्यायची सवय. "तोंडातनं अक्षर काढायचं न्हाय, एवढीच ना?"

"मग?"

"मग तोंड उघडायचंच न्हाय. ती छडी हाय न्हवं, आदर्शदादाची? ती उद्या राजवीरच्या हातात आली तर?"

राजवीरच्या तोंडावर हसू पसरायला लागलं. अनेकांतनं त्याला सगळं समजावून सांगितलं, घाईघाईनं, आणि सूर्य टेकडीला टेकायच्या आत घराकडे धूम ठोकली.

*

दुसऱ्या दिवशी छडी मिळवायला काहीच कष्ट पडले नाहीत.

"दादा, तुम्ही जरा सावलीत बसा की. मी धरतो छडी," राजवीर म्हणाला. आदर्शदादानं एकदाही कारण विचारलं नाही. तो सावलीत गेला आणि तिथं बसल्या बसल्या पेंगायला लागला.

आत्तीला क्रांतीनंच खुर्चीवर आणून बसवलं. आत्तीनं डावा डोळा झाकला, उजवा तक्त्याच्या दिशेला वळवला आणि ओठातल्या ओठात गाणं सुरू केलं.

राजवीरनं छडी टेकवली ती ओळीतल्या शेवटच्या चिन्हावर. दाते खाली होते.

आत्तीनं हात उजवीकडे केला.

राजवीरनं छडी उचलून पहिल्या चिन्हावर आणली. दाते उजवीकडे. आत्तीनं हात वर केला. मांडवात कुजबूज सुरू झाली. राजवीरनं एकदा क्रांतीकडे बघितलं, क्रांतीनं डोळे मिटून मान हलवली आणि मग त्यानं छडी तक्त्यावरून काढलीच. ती सरळ बॅनरवर नेली आणि धैर्यशीलकाकांच्या फोटोतल्या मिशीवर टेकवली.

आत्तीनं हात डावीकडे केला. अगदी ठामपणे.

मांडवात हशा पिकला. खुद्द काका आधी हसले, मग आपल्या मिशीवर हात फिरवत गप्प झाले. हळूहळू सगळेच गप्प झाले. आत्तीचा हात अजून डावीकडेच होता. लोक का हसले ते तिला कळलं नव्हतं, कारण तिला दिसलंच नव्हतं.

क्रांतीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं. चारचौघांत आत्तीचं हसं झालं होतं आणि ते आपणच केलं होतं.

आतल्या खोलीतून डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. आत्तीसमोर गुडघे टेकून बसल्या, टॉर्च लावला आणि बराच वेळ डोळ्यांत बघत राहिल्या.

"मावशी, डाव्या डोळ्याला मी आता काही करू शकत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उजवा अजून वाचेल. पण पुढच्या शिबिरापर्यंत नाही थांबणार तो. उद्या सकाळच्या बसमध्ये तुम्ही पाहिजेत."

आत्तीनं मान क्रांतीच्या दिशेला वळवली. "शपथ घातलीती मी तुला."

"मी तोंडातून अक्षर काढलं नाही, आत्ती."

"बिजलीची धार कोण काढंल?" आत्ती आता सगळ्यांसमोरच म्हणाली. "हं? ह्या एवढ्या गड्यांत हाय कोण?"

मांडवातले गडी जमिनीकडे बघायला लागले. चेअरमन असलेल्या धैर्यशीलकाकांनी उभ्या जन्मात कधी धार काढली नव्हती.

"मी काढते," क्रांती म्हणाली.

बायकांमध्ये कुणीतरी खुदकन हसलं. आत्ती हसली नाही. "आज सांजच्याला बिजली तुझ्या हाताला पान्हा सोडू दे. सोडला तर उद्या बसमधी पयली मी. न्हाय सोडला तर परत माझ्या डोळ्याचं नाव काढायचं न्हाय. डॉक्टरीणबाई, तुम्हीबी."

*

संध्याकाळी आत्तीच्या गोठ्यापाशी निम्मं गाव लोटलं. डॉक्टरही आल्या होत्या, चप्पल शेणात भरली तरी उभ्या होत्या.

आत्तीला करताना बघितलं होतं तसं क्रांतीनं बिजलीसमोर आंबोण ठेवलं. रेडकू सोडलं, त्याला चार घोट पिऊ दिले आणि बाजूला बांधलं. मग गुडघ्यांत चरवी धरून ती खाली बसली. कासेला हात लावला मात्र, बिजलीनं मान वळवून बघितलं, फुरफुरली आणि सणसणीत लाथ झाडली. चरवी गडगडत राजवीरच्या पायाशी गेली.

"म्हटलं न्हवतं?" धोंडुबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद अजिबात नव्हता.

क्रांतीनं पुन्हा चरवी घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बिजली नुसतीच बाजूला सरकली, पण दूध कसलं, थेंबसुद्धा नाही. क्रांती उठली आणि गोठ्याच्या मेढीला डोकं टेकून उभी राहिली. मेढीवरच्या खुंटीला आत्तीचं जुनं पातळ लटकत होतं. धारेच्या वेळी आत्ती तेच नेसायची. त्याला शेणाचा, आंबोणाचा आणि आत्तीच्या मिसरीचा वास होता.

क्रांतीनं नाक त्या पातळात खुपसलं. मग ते खुंटीवरून काढलं आणि पँटवरूनच अंगाला गुंडाळून पदर डोक्यावर घेतला.

या खेपेला बिजलीनं मान वळवली ती वास घ्यायला. एकदा घेतला, दुसऱ्यांदा घेतला. लाथ मारली नाही. पण पान्हाही सोडला नाही. उभीच राहिली, कान हलवत, कशाची तरी वाट बघत असल्यासारखी.

कशाची? आत्ती धार काढताना आणखी काय करते? क्रांती डोळे मिटून आठवायला लागली. आत्ती बसते, कासेवर पाणी मारते आणि गुणगुणते. या उन्हाळ्यात तर तिच्या ओठांवर एकच गाणं होतं.

"उजव्या हाती गं माहेर माझं," क्रांतीनं हळूच सुरुवात केली. "वरती बघता आभाळ साजं..."

बिजलीनं कान पाडले. मागे उभ्या असलेल्या बायकांतल्या एकीनं सवयीनं टाळी दिली, मग दुसरीनं. दुसऱ्या कडव्याला क्रांतीच्या हाताखाली कास एकदम जड झाली आणि चरवीत पहिली धार वाजली.

आत्ती चाचपडत पुढे आली, बिजलीच्या पाठीवर हात ठेवला आणि वाकून आवाज ऐकत राहिली.

"अंगठा आत घे," ती शेवटी म्हणाली. "न्हायतर उद्या बोटं सुजतील तुझी."

क्रांतीला कळलं, आत्ती उद्या बसमध्ये बसणार.

"आणि आमचं काय?" धोंडुबाईंनी पदरानं नाक पुसलं. "आमच्या घरात कोण हाय पातळ नेसायला?"

"पैरा करूया की!" राजवीर ओरडला. "भांगलणीला करता न्हवं? आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. तसाच धारेचा पैरा करायचा. निम्म्या बायकांनी आत्ता जायचं आणि निम्म्यांनी त्यांची पातळं नेसून धारा काढायच्या. त्यांचा महिना भरला की मग ह्या जातील."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एवढं साधं कसं सुचलं नाही, असं कुणी म्हणालं नाही, पण चेहरे तेच सांगत होते.

"मलाबी हेच सुचवायचं होतं," धैर्यशीलकाका म्हणाले. मग डॉक्टरांकडे नजर जाताच ओशाळून त्यांनी टोपी काढली. "न्हाय, खरं सांगायचं तर मला काय सुचलं न्हवतं."

"मलाही नाही," डॉक्टर निशिगंधा म्हणाल्या. "दरवर्षी बस भरायच्या घाईत मी तोच तक्ता टांगत राहिले आणि या बायकांपैकी एकीलाही मी काही विचारलं नाही. उद्या खालच्या आळीतल्या सगळ्यांना परत बोलवा. मी स्वतः बघते."

*

आत्ती कोल्हापूरला गेली. दवाखान्यात क्रांतीचे वडील तिच्याजवळ थांबले. इकडे क्रांतीला कळलं की धार काढणं हे बिजलीच्या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. शेण काढायचं, वैरण आणायची, पाणी पाजायचं, म्हैस धुवायची, किटली डेअरीत पोहोचवायची आणि हे सगळं झालं की तेच पुन्हा संध्याकाळी. धोंडुबाईंच्या घरून भाकरी यायची. ती खाता खाता क्रांतीचे डोळे मिटायचे. आत्ती हे रोज करते, जवळजवळ न दिसणाऱ्या डोळ्यानं करते, आणि तिला एकदाही कुणी विचारलेलं नाही, दमलीस काय म्हणून. आपणही नाही.

आत्ती परत आली ती काळा चष्मा लावून. दारातच थांबली. क्रांती गोठ्यातून तशीच धावत आली, पातळ गुंडाळलेलं, हात शेणाचे.

आत्तीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अगं बया, केवढी ठिगळं ही! हे नेसून मी गावभर फिरत हुते?"

मग ती क्रांतीच्या तोंडाकडे बघत राहिली. "दमलीस गं पोरी," ती म्हणाली.

क्रांतीनं आत्तीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि शेणाचे हात अंगापासून लांब धरले.

बायकांची दुसरी बस निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, उन्हं असतानाच, शाळेत सत्कार ठेवला होता. डॉक्टर मुद्दाम आल्या होत्या, हातात नवा तक्ता घेऊन. "हा दर शिबिराला बदलणार," त्या म्हणाल्या, "आणि तपासणीच्या आधी पहिला प्रश्न असेल, घरी म्हशीची सोय काय. हे मला या तीन मुलांनी शिकवलं." अनेकांतला नारळ मिळाला. दादासोंनी लेकाच्या पाठीवर थाप मारली.

"आणि आता," धैर्यशीलकाकांनी माईक तोंडाशी नेला, "आपल्या गावाची वाघीण, क्रांती! क्रांती, पुढं ये! अगं क्रांती!"

क्रांती पहिल्याच रांगेत होती. आत्तीच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून.

"वरडू नगा," आत्ती काकांना म्हणाली. "पोरगी दमलीया. झोपू दे तिला."

आणि काकांनी, बहुतेक पहिल्यांदाच, माईक बंद केला.

क्रांतीला तिथंच सतरंजीवर निजवून, उशाला अनेकांतला बसवून आत्ती घरी आली. बिजली हंबरत होती. तिची धार त्या दिवशी राजवीरनं काढली. ठिगळाचं पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन, भसाड्या आवाजात माहेरचं गाणं म्हणत. बिजलीनं आधी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, मग तीही दमली असावी. तिनं पान्हा सोडला.

आत्ती गोठ्याच्या कट्ट्यावर बसली होती. महिना भरायला अजून एक दिवस होता. वाकायचं नाही, वजं उचलायचं नाही, म्हणून नुसती बसली होती. असं बसायची सवय नव्हती तिला, हात कुठे ठेवायचे तेही कळत नव्हतं. तिनं काळा चष्मा नाकावर नीट केला.

"राजवीर," ती म्हणाली, "पदर शेणात लोळालाय तुझा. नीट घे त्यो. मला सगळं दिसतंय."